थग म्हणजे ठग नव्हे: एका इंग्रजी शब्दाचा माग काढताना या चुका टाळा

इंग्रजी बातमीत ‘थग्ज’ दिसले की घाईतल्या भाषांतरात ‘ठग’ उतरतात. मग ‘ठगांनी दुकानाच्या काचा फोडल्या’ असं वाक्य छापून येतं आणि मराठी वाचक अडखळतो. ठग काचा कशाला फोडेल? तो गोड बोलून गल्ला रिकामा करतो आणि दुकानदाराला ते चार दिवसांनी कळतं. काचा फोडणारे ते गुंड.

इंग्रजी शब्द आपल्याकडूनच गेला आहे. त्याची व्युत्पत्ती देताना इंग्रजी कोश हिंदी ‘ठग’ आणि मराठी ‘ठक, ठग’ ही रूपं देतात. म्हणूनच चूक होते. शब्द ओळखीचा वाटतो, त्यामुळे कोश उघडायची गरज कुणाला भासत नाही. गेल्या दोनशे वर्षांत मात्र हा शब्द इंग्रजीत चार-पाच वेळा अर्थ बदलून बसला आहे आणि प्रत्येक बदलाला वर्ष आहे, ठिकाण आहे, बोलणारा आहे. भाषांतरकार, उपसंपादक, इंग्रजीचे विद्यार्थी आणि भाषेवर हौसेने लिहिणारे यांच्या हातून त्या ठिकाणी होणाऱ्या चुका इथे दिल्या आहेत. पुढे ‘थग’ असं लिहिलं असेल तिथे इंग्रजी शब्द समजावा आणि ‘ठग’ लिहिलं असेल तिथे आपला.

चूक पहिली: दोन्ही बाजूंनी तोच शब्द वापरणं

मराठीत ठक, ठग, ठकसेन, ठकबाजी, ठकवणं, ‘ठकास महाठक’ या सगळ्या गोतावळ्यात एकच कृती आहे, फसवणूक. इथे अंगाला हात लागत नाही. इंग्रजी थगमध्ये आज फसवणुकीचा अंशही उरलेला नाही. तिथे दांडगाई आहे, मारहाण आहे, धाक आहे.

म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना थगसाठी संदर्भ पाहून गुंड, दांडगट, मवाली, भाडोत्री गुंड किंवा मारेकरी यांतून निवड करा. राजकीय बातमीत ‘पार्टी थग्ज’ असेल तर ‘पक्षाचे गुंड’. सरकारी पाठबळ असलेल्या टोळ्यांबद्दल ‘सरकारने पोसलेले गुंड’ नेमकं बसतं. ‘थगरी’ म्हणजे गुंडगिरी आणि ‘थगिश’ म्हणजे दांडगाईचा, राकट. ‘थगी’ मात्र वेगळं. वाटसरूंचा विश्वास मिळवून त्यांना मारून लुटण्याच्या, एकोणिसाव्या शतकातल्या भारतातल्या विशिष्ट गुन्ह्याचं ते नाव आहे आणि तिथे ‘ठगी’ हाच शब्द बरोबर. एकाच इंग्रजी पानावर ‘थगी’ आणि ‘थगरी’ दोन्ही येऊ शकतात. त्यांचं भाषांतर एकच करू नका.

इंग्लंडमधल्या बागकामाच्या लिखाणातही हा शब्द भेटतो. पुदिना किंवा पसरणारा बांबू शेजारच्या रोपांना दाबून टाकतो, तेव्हा माळी त्याला थग म्हणतात. तिथे ‘दांडगं झाड’ किंवा ‘इतरांना वाढू न देणारं रोप’ असं सरळ लिहावं.

उलट दिशेची चूक भारतात जास्त होते. ‘सायबर ठगांनी निवृत्त शिक्षकाला लुबाडलं’ या वाक्यातला ठग चोख मराठी आहे. त्याचं इंग्रजी करताना ‘सायबर थग’ लिहिलं, तर लंडन किंवा शिकागोच्या वाचकाला त्यात धमक्या देणारा, अंगावर येणारा माणूस दिसतो. तिथे ‘फ्रॉडस्टर’, ‘स्कॅमर’, ‘स्विंडलर’ किंवा ‘कॉनमन’ हवं. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘सायबर थग’ सर्रास दिसतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनात ठग असतो. वाचक भारतीय असेल तर निभावतं. परदेशी वाचकासाठी किंवा न्यायालयीन कागदासाठी तो शब्द बदलायलाच हवा.

चूक दुसरी: ‘मूळ अर्थ फसवणारा, म्हणून इंग्रजांनी चुकीचा वापरला’ असं म्हणणं

हे वाक्य समाजमाध्यमांवर दर थोड्या दिवसांनी फिरतं. शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा आणि नंतरचे सगळे खोटे, हा हट्ट कुठल्याही भाषेला लागू पडत नाही. आणि इथे तर बदल इंग्लंडात झालाच नाही. पहिलं वळण भारतातच आलं आणि त्याच्या नोंदी शिल्लक आहेत.

त्या नोंदी क्रमाने लावून बघा. १८०८ मध्ये मुंबईत ड्रमंड यांचं गुजराती, मराठी आणि इंग्रजी भाषांवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात या शब्दाचा अर्थ फक्त फसवणारा, लबाड एवढाच दिला आहे. खुनाचा उल्लेख नाही. १८१० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी कागदांत तोच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. रजेवर गावी निघालेले शिपाई वाटेत गायब होत होते. पगाराची साठलेली रक्कम त्यांच्या कमरेला असायची. वाटेत सोबतीला येणाऱ्या अनोळखी माणसांपासून जपून राहा, असं त्यांना बजावण्यात आलं आणि त्या खुनी टोळ्यांना या नावाने ओळखलं गेलं. म्हणजे दोनच वर्षांच्या अंतराने मुंबईत एक अर्थ आणि गंगा-यमुनेच्या दुआबात दुसरा.

१८५५ मध्ये विल्सन यांचा महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा मोठा कोश आला. त्यात ठगची नोंद वाचताना एका शब्दावर थांबावं लागतं. प्रवाशांशी दोस्ती करून, रुमालाने गळा आवळून, लुटून पुरून टाकणारा दरोडेखोर हा अर्थ ‘अलीकडे’ लागू झाला, असं विल्सन लिहितात. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आंग्ल-भारतीय शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात ड्रमंडचा आधीचा अर्थ आणि विल्सनची ही नोंद शेजारी शेजारी ठेवली आहे. त्या दोन ओळी वाचल्या की बदल डोळ्यांसमोर उभा राहतो. फसवणारा, मग फसवून मारणारा, मग नुसता मारणारा. इंग्रजीने मधल्या पायरीवर शब्द उचलला आणि पुढे फसवणूक गाळून टाकली. मराठीने मारणं कधी घेतलंच नाही.

लेखात म्हणूनच ‘मूळ अर्थ’ हा शब्दप्रयोग टाळा. त्याऐवजी ‘१८०८ च्या मुंबईत नोंदलेला अर्थ’, ‘१८३० च्या दशकातला कंपनी सरकारचा अर्थ’ असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण चूक होत नाही.

चूक तिसरी: शब्दाचा इतिहास आणि गुन्ह्याचा इतिहास यांची सरमिसळ

ठगांवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात दिल्लीच्या सुलतानांचा इतिहास लिहिणाऱ्या झियाउद्दीन बरनीचा दाखला असतो. सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळात (१२९० ते १२९६) दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले. सुलतानाने कुणालाही मारलं नाही, होड्यांत घालून खाली लखनौतीकडे, म्हणजे बंगालच्या बाजूला, नेऊन सोडून दिलं. बरनीने हे चौदाव्या शतकाच्या मध्याला लिहिलं आहे. पण हे ठग रुमालाने गळा आवळणारे होते, असं त्या मजकुरात नाही. शब्द आहे, पद्धत नाही.

याच्या बरोबर उलट फ्रेंच प्रवासी तेवनोचं. तो १६६६ मध्ये सुरतेला उतरला. दिल्ली-आग्रा रस्त्यावर गळ्यात सरकफास टाकून प्रवाशाला मारणाऱ्या चलाख लुटारूंचं वर्णन त्याने केलं आहे. तिथे पद्धत आहे, पण ठग हा शब्द नाही.

हे दोन पुरावे एकत्र शिवून ‘तेराव्या शतकापासून अखंड चालत आलेला ठगांचा पंथ’ अशी कथा तयार होते. शब्दाचा इतिहास लिहिताना दोन वेगळ्या रांगा आखा, एक, शब्द कधी दिसतो याची आणि दुसरी, गुन्ह्याची ती पद्धत कधी दिसते याची. दोन्ही रांगा एकाच नोंदीत भेटत नाहीत तोवर त्यांना जोडणारी रेघ मारू नका.

दक्षिणेत तर नावच निराळं होतं. मद्रासचे डॉक्टर रिचर्ड शेरवूड यांनी १८१६ मध्ये या टोळ्यांवर लेख लिहिला, तो १८२० मध्ये एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेत पुन्हा छापला गेला. त्याच्या शीर्षकात आहेत ‘फांसीगार’. फास टाकणारा तो फांसीगार. हे नाव कृतीला जास्त जवळचं होतं. तरी इंग्रजीत टिकला तो ठग, कारण पुढे या टोळ्यांविरुद्ध कंपनी सरकारची जी मोहीम झाली, ती ज्या कचेरीतून चालली तिच्या कागदांत तो शब्द होता.

चूक चौथी: स्लीमनच्या कागदांवर डोळे मिटून विसंबणं

विल्यम हेन्री स्लीमन हे ठगविरोधी मोहिमेचे प्रमुख अधिकारी. जबलपूर हे तिचं ठाणं. १८३६ मध्ये कलकत्त्याला त्यांनी ठगांच्या गुप्त बोलीचा शब्दसंग्रह छापला. ‘रामसी’ असं त्या बोलीला म्हणत. भाषेच्या अभ्यासकाला हा संग्रह सोन्यासारखा आहे, पण त्यातले शब्द माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून, कोठडीत, तपास अधिकाऱ्यासमोर आलेले आहेत. ज्याला फाशीपासून सुटायचं आहे तो साहेबाला हवं ते सांगण्याची शक्यता असते. देवीचा पंथ, वंशपरंपरा, शपथा यांतलं किती खरं आणि किती कोठडीत वाढलेलं, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. म्हणून ‘ठग असं म्हणत’ लिहिण्याऐवजी ‘स्लीमनच्या संग्रहात असं नोंदलं आहे’ असं लिहा.

त्याच संग्रहातले दोन शब्द आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतात. ‘सोथा’ म्हणजे वाटसरूशी गोड बोलून त्याला टोळीत ओढणारा. ‘भुरतोट’ म्हणजे प्रत्यक्ष गळा आवळणारा. टोळीत ही दोन वेगळी कामं होती. वाटसरूला ‘बनिज’ म्हणत, म्हणजे माल, आणि फास टाकण्याच्या इशाऱ्याला ‘झिरनी’. आता मराठीतला ठग कोण ते पाहा. तो सोथा आहे. आणि आजच्या इंग्रजीतला थग हा भुरतोट आहे, तोही रुमाल टाकून दिलेला. एकाच टोळीतली दोन माणसं दोन भाषांनी वाटून घेतली.

आकड्यांबाबतही हेच पथ्य. बहराम नावाच्या ठगाने ९३१ खून केले, हे वाक्य विक्रमांच्या पुस्तकांपासून शाळेच्या प्रश्नमंजूषेपर्यंत पोचलं आहे. लखनौच्या कॅप्टन पॅटन यांच्या हस्तलिखितात बहराम ९३१ खुनांच्या वेळी ‘हजर’ असल्याचं आहे. आपल्या हाताने गळा आवळला तो सुमारे १२५ जणांचा, आणि आणखी १५० जणांना आवळताना पाहिलं, असं त्याच्याच तोंडी नोंदलं आहे. हा कबुलीजबाबही पडताळलेला नाही. तेव्हा ‘९३१ खून केले’ हे वाक्य कुठेच नको.

चूक पाचवी: ‘एका कादंबरीने शब्द इंग्रजीत आणला’

फिलिप मेडोज टेलर हे इंग्रज अधिकारी हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत होते. पुढे १८५३ नंतर नळदुर्ग भागाचा कारभारही त्यांनी पाहिला, त्यामुळे धाराशिव, तुळजापूरकडच्या वाचकांना हे नाव परकं नाही. त्यांची ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपातली कादंबरी १८३९ मध्ये लंडनला आली आणि तुफान खपली. शब्द घराघरांत पोचला तो तिच्यामुळे, यात शंका नाही. पण ‘आणला’ म्हणणं चूक. शब्द त्याआधी जवळजवळ तीस वर्षं इंग्रजी कागदांत होता.

त्याहून सूक्ष्म चूक म्हणजे गुंड हा नवा अर्थ कादंबरीतून आला असं धरणं. त्याच १८३९ सालच्या अखेरीस स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइल यांचं चार्टिस्ट चळवळीवरचं, म्हणजे ब्रिटनमधल्या कामगारांच्या मताधिकाराच्या चळवळीवरचं, पुस्तक आलं आणि त्यात ‘ग्लासगोचे थग’ आहेत. संदर्भ असा. १८३७ मध्ये ग्लासगोच्या सूत गिरणी कामगारांनी संप केला. संप मोडून कामावर जाणाऱ्या एकाला रस्त्यात गोळी घालण्यात आली. कामगार संघटनेच्या पाच पुढाऱ्यांवर जानेवारी १८३८ मध्ये खटला चालला. खुनाचा आरोप सिद्ध झाला नाही, इतर आरोपांवर सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. या कामगारांना लोक थग म्हणू लागले होते आणि कार्लाइल त्या टोपणनावाची नोंद घेतात.

या उदाहरणावर थोडं रेंगाळावं असं आहे. ग्लासगोत रुमाल नाही, प्रवास नाही, सोबतीचं सोंग नाही. खून झाला तोही पिस्तुलाने. मग शब्द चिकटला कशाच्या बळावर? गुप्त शपथ, बंद खोलीतला सौदा, पैसे देऊन घडवलेला खून, या कल्पनेच्या बळावर. म्हणजे १८३९ चा लाक्षणिक थग आजच्या रस्त्यावरच्या गुंडासारखा नाही, तो गुप्त कटातला मारेकरी आहे. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचताना थगला सरसकट ‘गुंड’ म्हटलं, तर ही छटा हरवते. तिथे ‘गुप्त टोळीतला मारेकरी’ असं लांबलचक लिहिलं तरी चालेल.

जुन्या छापील मजकुरात एक खूण उपयोगी पडते. शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असेल तर बहुधा भारतातला ठग अभिप्रेत असतो, लहान असेल तर सामान्य गुंड. हा पक्का नियम नाही, कार्लाइलचे ग्लासगोवालेही मोठ्या अक्षरात आहेत. खूण म्हणून घ्या आणि वाक्य पूर्ण वाचा.

चूक सहावी: कायद्यातला ठग विसरणं

१८३६ च्या अधिनियम ३० नुसार ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरला, विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही, आणि शिक्षा होती जन्मभर सक्तमजुरी. त्या अधिनियमात ठग कोण याची व्याख्याच नव्हती. ती आली १८६० च्या भारतीय दंडसंहितेत. कलम ३१० नुसार खुनासह जबरी चोरी किंवा मुलं पळवणं यासाठी जो सवयीने इतरांशी जोडलेला असेल तो ठग. कलम ३११ मध्ये शिक्षा. या व्याख्येत फसवणूक नाही, गळा आवळणंही नाही.

आणि ज्याला मराठी माणूस ठग म्हणतो त्याच्यासाठी त्याच संहितेत कलम ४२० होतं. ‘चारसोबीस’ हा शब्द तिथूनच रुजला. एकाच पुस्तकात आपला ठग ४२० मध्ये आणि इंग्रजी थग ३१० मध्ये बसलेला होता, यापेक्षा नेमका पुरावा शोधून सापडणार नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ठगांची कलमं वगळली आहेत आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली आहे. जुना निकाल भाषांतरित करताना ३१०, ३११ ही कलमं आली तर तिथे ‘ठग’ हा पारिभाषिक शब्द तसाच ठेवा, ‘गुंड’ करू नका. नव्या प्रकरणात ३१० लिहिलं असेल तर संहिता कोणती ते आधी पाहा, कारण नव्या संहितेत त्या क्रमांकावर दरोडा आहे.

चूक सातवी: कोण कुणाला म्हणतंय हे न पाहणं

विसाव्या शतकापासून थगचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो. ग्लासगोत मालकांच्या बाजूचे लोक कामगारांना थग म्हणत. १९३० च्या दशकात अमेरिकेत केंटकीच्या हार्लन परगण्यात हेच उलटं झालं. खाणकामगार खाणमालकांच्या बंदूकधारी पहारेकऱ्यांना ‘गन थग्ज’ म्हणू लागले. शब्द तोच, बोट मात्र उलट दिशेला.

पुढे अमेरिकेत या शब्दावर वर्णाची छाया पडली. जानेवारी २०१४ मध्ये सिअॅटलच्या अमेरिकन फुटबॉल संघातला कृष्णवर्णीय खेळाडू रिचर्ड शर्मन सामन्यानंतर तावातावाने बोलला आणि त्याला सगळीकडून थग म्हटलं गेलं. उघडपणे उच्चारता न येणाऱ्या जुन्या वंशद्वेषी शिवीच्या जागी आता हा शब्द वापरतात, असं त्याने तेव्हा बोलून दाखवलं. एप्रिल २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या दुखापतींमुळे फ्रेडी ग्रे या कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू ओढवल्यानंतर बाल्टिमोरमध्ये दंगल झाली. दंगलखोरांना महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनी थग म्हटलं, राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही म्हटलं. महापौरांनी नंतर तो शब्द मागे घेतला. अशा मजकुरात ‘गुंड’ एवढंच लिहिलं तर वाचकाला वाद कशाचा झाला हेच कळत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘थग’ हा इंग्रजी शब्द लिप्यंतर करून ठेवा, पुढे अर्ध्या वाक्यात कृष्णवर्णीयांसाठी होणारा त्याचा वापर सांगा आणि मग गुंड लिहा.

अमेरिकी रॅप गायक तुपाक शकूरचं ‘थग लाइफ’ याच जमिनीतून उगवलं. त्या नावाच्या त्याच्या गटाचा गाण्यांचा संग्रह १९९४ मध्ये आला. त्याच्या लेखी थग म्हणजे गुन्हेगार नव्हता. ज्याला सगळ्यांनी खाली दाबलं तरी जो उभा राहिला तो. अपमानाचा शब्द उचलून अंगावर मिरवण्याची ही रीत आपल्याकडच्या दलित साहित्याच्या वाचकांना समजावून सांगायला नको. त्याने थगच्या आणि लाइफच्या अक्षरांचं एक विस्तारित वाक्यही केलं होतं, लहान मुलांच्या मनात पेरलेला द्वेष शेवटी सगळ्यांनाच भोवतो अशा आशयाचं. हे वाक्य म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती आहे असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. शब्द त्याच्या आधी पावणेदोनशे वर्षं इंग्रजीत होता. अक्षरांवरून वाक्य नंतर बेतलं आहे.

मराठी मिम्समधलं ‘ठग लाइफ’ आणखी निराळं आहे. नेत्याने किंवा आजीने बेधडक उत्तर दिलं की काळा चष्मा आणि ढणढणतं संगीत. तिथे अर्थ आहे ‘काय सुनावलं!’ हाच अर्थ अमेरिकी बातमीवर लादू नका आणि अमेरिकेतला वाद आपल्या मिमवरही लादू नका.

चूक आठवी: स्पेलिंगवरून उच्चार आणि उच्चारावरून मूळ ठरवणं

टी-एच-यू-जी या स्पेलिंगमधला ‘यू’ पाहून मूळ शब्द ‘ठुग’ असावा असं काहीजण लिहितात. तसं नाही. त्या काळचे इंग्रज ऱ्हस्व ‘अ’साठी ‘यू’ वापरत, त्यांच्या ‘कट’मध्ये जो स्वर आहे तो. पंजाब आजही त्याच पद्धतीने लिहिला जातो आणि स्लीमनचं जबलपूर तेव्हाच्या कागदांत ‘यू’ घालूनच आहे. म्हणजे स्पेलिंग ‘ठग’ला इमानदार होतं. गडबड ‘टी-एच’ने केली. लिहिणाऱ्याला त्यातून ‘ठ’ सुचवायचा होता, पण लंडनच्या वाचकाने ‘थिन’मधला ‘थ’ वाचला. आजचा ‘थग’ हा उच्चार असा कागदावरून घडलेला आहे.

मराठीत लिहिताना ‘थग लाइफ’ की ‘ठग लाइफ’? इंग्रजी नाव म्हणून येत असेल तर थग, आपला शब्द म्हणून येत असेल तर ठग. एका लेखात दोन्ही आले तरी हरकत नाही, फक्त एकाच अर्थासाठी दोन्ही येऊ देऊ नका.

मुळाबद्दलही एक जपणूक. कोश हा शब्द संस्कृत ‘स्थग’शी, म्हणजे लबाड या अर्थाच्या शब्दाशी, आणि ‘झाकणं’ या अर्थाच्या धातूशी ‘बहुधा’ जोडतात. सभा ‘स्थगित’ होते त्यातला धातू हाच. याच प्राचीन मुळाशी इंग्रजीतले थॅच, डेक, प्रोटेक्ट आणि डिटेक्ट हे शब्दही जोडले जातात. झाकलेलं उघडं करणं म्हणजे डिटेक्ट. माहिती मोहात पाडणारी आहे, पण ‘बहुधा’ गाळून लिहिली की ती चुकीची होते.

चूक नववी: ठगला पर्याय म्हणून ‘भामटा’

‘स्विंडलर’साठी मराठी बातम्यांत ‘भामटा’ सहज लिहिला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावं आहेत. ठगविरोधी मोहिमेतून ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना बळावली, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्याच वाटेने आला आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्या कायद्याचा डाग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांचं नाव शिवी म्हणून छापणं हा अन्याय आहे, मग लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी. ठकसेन, लुबाडणारा, तोतया, फसवणूक करणारा असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ते वापरा.

शोध घेताना अडलात तर

डिजिटल ग्रंथालयात १८०० च्या आधीचा ‘थग’ सापडला तर आनंदाने टिपून घेऊ नका. आधी त्या पानाचं मूळ चित्र उघडा. यंत्राने जुनी छपाई वाचताना ‘थिंग’ किंवा ‘दस’ (टी-एच-यू-एस) या इंग्रजी शब्दांचा थग केलेला असण्याची शक्यता मोठी. शब्दवापराचे आलेख देणाऱ्या संकेतस्थळांवर सुरुवातीच्या काळात दिसणारे बारीक उंचवटे बऱ्याचदा याच कारणाने असतात.

काहीच सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून पाहा. जुन्या कागदांत ‘यू’च्या जागी ‘ए’ किंवा ‘ई’, ‘टी’नंतर वरचा स्वल्पविराम, अशी रूपं आहेत. दक्षिणेकडचे कागद असतील तर ‘फांसीगार’ शोधा, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. ठगी-डकैती खात्याचे कागद हवे असतील तर खात्याचं नाव घालून शोधा. ते खातं १९०४ मध्ये बंद होऊन त्याची जागा केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभागाने घेतली, त्यामुळे त्यानंतरची नोंद त्या नव्या नावाखाली असते.

मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पुरेसा आहे. ‘ठक’ आणि ‘ठकवणें’ या दोन्ही नोंदी पाहा. क्रियापद अनुस्वारासह शोधावं लागतं, त्याशिवाय ते निघत नाही. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. इंटरनेटवर शोधता येणारी बहुतेक दुसरी असते. दाखला देताना आवृत्तीचं वर्ष लिहा, कारण या शब्दाच्या बाबतीत त्या दोन वर्षांच्या मध्ये स्लीमनची सगळी मोहीम होऊन गेलेली आहे.